मारुती ८०० चं इंजिन घरी बदलायचंय? आधी हे वाचा

आमची मारुती ८०० १९९८ सालची. कार्बोरेटरवाली, चार गिअरची. आबांनी शोरूममधून नवी घेतलेली एकमेव गाडी. तीन वर्षांपूर्वी ती ऑइल प्यायला लागली. महिन्याला लिटरभर ऑइल वरून ओतायचं, सकाळी सेल्फ मारला की गल्ली निळ्या धुराने भरायची, आणि पन्हाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरवरसुद्धा मान टाकायची. कुणी म्हणे बोअर करा (झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करा), कुणी म्हणे भंगारात द्या. शेवटी मी आणि माझ्या चुलतभावाने घरच्या अंगणात सेकंडहँड इंजिन बसवलं. पाच रविवार लागले. त्यातले दोन रविवार तर केलेलं काम उलटं खोलण्यातच गेले. ते तुमचे जाऊ नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

आमच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरा, इंजिन जमिनीवर हाय तवर ते तुझं ऐकतंय. एकदा गाडीत बसलं की तू त्याचं ऐकायचं." तेव्हा मी नुसती मान डोलावली. त्याचा अर्थ पुढे चौथ्या रविवारी कळला.

हा लेख कार्बोरेटरच्या मारुती ८०० पुरता आहे. तुम्ही स्वतः ऑइल बदललंय, क्लच वायर टाकलीय, ब्रेक खोललेत, तर हे काम तुम्हाला जमेल. पाना कधीच हातात धरला नसेल तर आधी सहा महिने सर्व्हिसिंगची कामं स्वतः करा, मग इकडे वळा.

## १. इंजिन खरंच गेलंय का?

धूर दिसला की इंजिन गेलं असं समजू नका. सकाळी पहिल्या सेल्फला निळ्या धुराचा एक भपकारा येतो आणि नंतर धूर थांबतो, असं असेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. ते काम हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावरच भागतं. पांढरा धूर सुटतोय आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटर नाहीतर चोक तपासा. गाडी चालत असताना सतत निळा धूर आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून फुस्स-फुस्स वाफ, हे मात्र रिंग-बोअर झिजल्याचं लक्षण.

खात्री करायला कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. गेज स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, ओळखीच्या गॅरेजमधून मागूनही आणता येतं. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर काढून ठेवा, एक्सिलेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे होतील इतका सेल्फ मारा. दीडशे पीएसआयच्या वर आकडा आला आणि तिन्ही सिलिंडर जवळपास सारखे असले, तर इंजिनाला हात लावू नका. आमच्या गाडीचे आकडे ९५, ११० आणि ८० असे आले. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा टेस्ट घेतली. ८० चे १२५ झाले. ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन चढलं तर दोष रिंग-बोअरमध्ये; नाही चढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तुमचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) एकदाही बोअर झालेला नसेल आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) चांगला असेल, तर सेकंडहँड इंजिनाच्या मागे न लागता तोच ब्लॉक बोअर करून घ्या. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ही कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि तुमच्या जिल्ह्याच्या गावीही बोअरिंगवाला असतोच. ब्लॉक तोच राहिला की इंजिन नंबरही तोच राहतो आणि आरटीओचं काम उरत नाही. आमच्या ब्लॉकचं ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज आधीच झालेलं होतं. पुढे जायला जागा नव्हती, म्हणून दुसरं इंजिन.

## २. कागद आधी, इंजिन नंतर

बहुतेक लोक इंजिन आणतात, बसवतात आणि पासिंगच्या वेळी अडकतात. तुमच्या आरसीवर चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने परस्पर करायचा नसतो. म्हणून इंजिनाला विसार द्यायच्या आधी एकदा आरटीओत जाऊन या. परिवहनच्या संकेतस्थळावर ही सेवा ‘ऑल्टरेशन ऑफ व्हेइकल’ या नावाने आहे.

आणखी एक गणित याच टप्प्यावर करून टाका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती आणखी वाढली. वर पर्यावरण कर वेगळा. पुढचं पासिंग चार महिन्यांवर आलं असेल आणि पत्रा खालून सडलेला असेल, तर इंजिनात पैसे घालण्याआधी गाडी उचलून तळ नीट बघा. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत गेला तर थांबा.

गोळा करायची कागदपत्रं:

- तुमचं मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी
- गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र
- इंजिन विकत घेतल्याची पावती, तिच्यावर इंजिन नंबर स्पष्ट लिहिलेला
- ते इंजिन ज्या गाडीचं होतं तिच्या आरसीची प्रत, किंवा ती गाडी भंगारात काढून नोंदणी रद्द झाल्याचा कागद
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, त्याच्या सहीसह
- इंजिन नंबर चोरीच्या नोंदीत नसल्याचा दाखला

शेवटचा कागद लोक विसरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेवर इंजिन नंबर टाकून ती गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे कुणालाही पाहता येतं. विकणाऱ्यासमोर उभं राहूनच मोबाइलवर बघा. चोरीच्या गाड्या खोलून पार्ट विकणारे बाजार आपल्या देशात होते आणि आहेत. मेरठच्या सोतीगंजवर २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी मोठी कारवाई केली ती याचसाठी. ‘बिल नाही देत, म्हणून स्वस्त देतो’ असं कुणी म्हणालं की तिथून निघा.

## ३. इंजिन निवडणं

जास्तीत जास्त वेळ इथे द्या. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात जुना बाजार, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी गाड्या खोलणारे चार-दोन भंगारवाले, एवढे रस्ते असतात. जमलं तर अपघातात मागून चेपलेल्या गाडीचं इंजिन शोधा. ती गाडी अपघाताच्या दिवसापर्यंत चालत होती, एवढं तरी नक्की असतं.

कुठलं इंजिन बसतं? आपल्या गाडीचं इंजिन एफ८बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह. ‘ओम्नीचं पण हेच आहे, घेऊन जा’ असं हमखास सांगितलं जातं. घराणं एक आहे हे खरं. पण ८०० मध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. ओम्नीत ते सीटखाली गाडीच्या लांबीत असतं आणि मागची चाकं ढकलतं. त्यामुळे ऑइल चेंबर (तळाची ऑइलची टाकी), मॅनिफोल्ड, फाउंडेशनच्या (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्या) जागा यांत फरक पडतो. आल्टोचं इंजिन बारा व्हॉल्व्हचं, त्याचा विचारच नको. एमपीएफआयच्या (पेट्रोल इंजेक्शनच्या) ८०० चं इंजिन कार्बोरेटरच्या गाडीत टाकायचं तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, टाकीतला पंप असं सगळं मागून येतं. पहिल्यांदा करणाऱ्याने आपल्याच मॉडेलचं इंजिन आणावं.

नंबर बघा. ब्लॉकवर कोरलेला असतो, सुरुवात एफ८बी या अक्षरांनी. वर ग्रीस आणि मातीचा थर असतो. पेट्रोलच्या फडक्याने पुसा, मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. त्यावर साधा कागद धरून पेन्सिल घासा. आरटीओत चासी नंबरचा ठसा घेतात तसाच. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट या ठशात दिसते. मी पाहिलेल्या पहिल्या इंजिनाच्या ठशात सात आकड्यांपैकी तीन इतरांपेक्षा खोल आणि किंचित तिरके उठले, आणि त्यांच्या आसपास कानशीच्या समांतर रेघा उमटल्या. नंबर घासून पुन्हा पंच केलेला होता. इंजिन वाजवून दाखवलं होतं, आवाजही छान होता. सोडून दिलं.

पुरातलं इंजिन ओळखा. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने हे शिकायलाच हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात इकडच्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. बाहेरून धुऊन रंग मारला की ही इंजिनं ओळखू येत नाहीत. पण पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो, तो जाईल तिथे बसतो. सेल्फ बसतो त्या पोकळीत बोट घाला, अल्टरनेटरच्या जाळीत टॉर्च मारा, रिकाम्या बोल्टच्या भोकात काडी फिरवा. पिवळसर, सुकून कडक झालेली माती निघाली तर ते इंजिन पाण्यात बुडालेलं आहे. प्लग काढून आत बघा. पिस्टन जिथे थांबला होता तिथे बोअरला गंजाचं गोल कडं दिसेल.

हाताने फिरवा. प्लग लावलेले असताना क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन सरळ दिशेने फिरवा. दोन फेऱ्यांत तीन वेळा हाताला गच्च दाब लागला पाहिजे आणि तिन्ही वेळा सारखा. एखाद्या ठिकाणी सुळकन पुढे गेलं तर त्या सिलिंडरमध्ये दाब नाही. मग पुली धरून आतबाहेर ओढून बघा. हाताला खटखट जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला आतबाहेर सरकू न देणारं) झिजलेलं आहे.

डिपस्टिक, झाकण, प्लग. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल असेल तर पाणी मिसळलंय. ऑइलच्या झाकणाखाली काळ्या डांबरासारखा थर म्हणजे मालकाने वर्षानुवर्षं ऑइल बदललं नव्हतं. प्लगचं टोक फिकट तपकिरी असावं. काळं आणि ओलं असेल तर ते इंजिनही तुमच्या इंजिनासारखंच ऑइल पीत होतं.

शक्य असेल तर इंजिन अजून गाडीतच असताना, चालू करून, कॉम्प्रेशन टेस्ट घेऊन घ्या. आणि ‘पंधरा दिवसांत खराब निघालं तर बदलून देणार’ असं पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्द दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत टिकतो.

## ४. हत्यारं आणि सामान

८, १०, १२, १४, १७ आणि १९ च्या रिंग पान्यांचा आणि गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच (भाड्याने आणा, पण आणाच), पक्कड, टॉमी, दोन जॅक आणि कमीत कमी दोन लोखंडी घोड्या. कागदी चिकटपट्टी, मार्कर, झिपच्या पिशव्या. ऑइल धरायला पसरट घमेलं. आग विझवायचं छोटं सिलिंडर, नाहीतर वाळूची बादली आणि ओलं पोतं तरी.

उचलण्यासाठी एक टनाची चेनकप्पी. गावाकडे विहिरीतली मोटार काढायला जी लोखंडी तिवई आणि चेनकप्पी वापरतात, ती आमच्या कामाला पुरेशी ठरली. शेडच्या पाइपाला, पत्र्याच्या अँगलला किंवा आंब्याच्या फांदीला इंजिन टांगू नका. आणि गाडीखाली विटा किंवा दगड लावू नका. वीट सांगून फुटत नाही.

पैशांचा अंदाज बांधताना इंजिनाची किंमत ही निम्मी रक्कम समजा. दुसरी निम्मी सील, बेल्ट, क्लच, गॅस्केट, ऑइल, होस पाइप आणि आरटीओत जाते.

## ५. जुनं इंजिन उतरवणं

आदल्या रात्री सायलेन्सरच्या, मॅनिफोल्डच्या आणि फाउंडेशनच्या बोल्टना डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. गंजलेला स्टड घाईत तुटला की अर्धा दिवस ड्रिल करण्यात जातो.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वरून काढा. क्रम असा:

बॅटरीचं आधी मायनस टर्मिनल, मग प्लस. बॅटरी बाहेर. बोनेट काढायच्या आधी बिजागराभोवती मार्करने रेघ मारा, परत लावताना फट सारखी येते. पाणी, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल सोडा. रेडिएटर पंख्यासकट काढा. एअर फिल्टरचा डबा काढा.

आता फोन हातात घ्या. प्रत्येक वायर, प्रत्येक व्हॅक्यूम पाइप सोडण्याआधी दोन फोटो, एक लांबून, एक जवळून. मग दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा. मी पहिल्या दिवशी ‘लक्षात राहील’ म्हणून कार्बोरेटरच्या तीन बारीक नळ्या तशाच सोडल्या, आणि तीन आठवड्यांनी त्यातली एक कुठली हे शोधायला अख्खी संध्याकाळ गेली.

सोडायच्या गोष्टी: पेट्रोलचा येणारा आणि परतीचा पाइप (तोंडात बोल्ट खुपसून क्लिप आवळा, आसपास कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघा), एक्सिलेटर, चोक आणि क्लचच्या वायरी, स्पीडोमीटरची केबल, गिअरचा रॉड, हिटर असेल तर त्याचे पाइप, सेल्फच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी, ऑइल प्रेशरचा आणि टेम्परेचरचा स्विच, रिव्हर्स लाइटचा स्विच, डिस्ट्रिब्युटरकडून कॉइलला जाणारी वायर, आणि इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी. शेवटच्या पट्टीवर वेगळी खूण करा. का, ते पुढे येतं.

खाली सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडा. दोन्ही बाजूंचे एक्सल गिअरबॉक्समधून टॉमीने हळूच बाहेर काढा आणि रिकाम्या भोकात कापड कोंबा.

साखळी इंजिनाच्या मूळ हुकांना लावा. हुक नसतील तर हेडच्या जाड बोल्टना. कप्पी एवढीच ओढा की साखळी ताणली जाईल. मग फाउंडेशनचे बोल्ट काढा. इंजिन वर येताना गिअरबॉक्सची बाजू खाली झुकेल, तिरकं करतच बाहेर घ्यावं लागतं. एकाने कप्पी, एकाने इंजिन सांभाळायचं. लोंबकळत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही जाऊ द्यायचं नाही. लहान मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

## ६. इंजिन जमिनीवर आहे तोवर

दोन्ही इंजिनं शेजारी-शेजारी जाड लाकडांवर ठेवा. हीच ती वेळ. आज जे काम अर्ध्या तासाचं आहे, ते इंजिन आत गेल्यावर दिवसाचं होतं.

नवं टाकायचंच, चांगलं दिसत असलं तरी: टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, क्रँकचे पुढचा आणि मागचा दोन्ही ऑइल सील, कॅमचा सील, टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबरची गॅस्केटं, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, ऑइल फिल्टर, तिन्ही प्लग, फाउंडेशन रबर, आणि पाण्याचे सगळे होस.

क्रँकचा मागचा सील फ्लायव्हीलच्या मागे असतो. आणलेल्या इंजिनावर तो बाहेरून कोरडा दिसला, म्हणून आम्ही सोडून दिला. इंजिन बसवून, ऑइल भरून, चालू केल्यावर दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब-थेंब ऑइल. सील बोटाच्या कांड्याएवढ्या जाडीचा, किंमत किरकोळ. त्यासाठी सगळं पुन्हा बाहेर काढावं लागलं. तो आमचा चौथा रविवार. मिस्त्रींचं बोलणं मला तेव्हा आठवलं.

टायमिंग बेल्ट घालताना क्रँकची आणि कॅमपुलीची खूण जुळवा, बेल्ट घाला, टेन्शनर आवळा, आणि मग पान्याने इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून दोन फेऱ्यांनंतरच खुणा पुन्हा समोरासमोर येतात. एका दाताचा फरक दिसला तरी खोलून पुन्हा करा.

ऑइल चेंबर खोललाय तर तळाचा गाळ बोटांत घेऊन उजेडात बघा. पितळी किंवा चंदेरी चमक दिसली तर ती बेअरिंगची झीज आहे. तेव्हाच एक बेअरिंग कॅप खोलून तपासा. ऑइल ओढणाऱ्या जाळीला पेट्रोलने धुवा. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, सेल्फ यांत तुमच्या जुन्या इंजिनावरचं जे चांगलं चालत होतं तेच नव्यावर चढवा. अनोळखी कार्बोरेटरशी झगडण्यात अर्थ नाही.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट नवा टाका. क्लच प्लेट मध्यावर आणायला डमी शाफ्ट वापरा. नसेल तर त्या जाडीचा लाकडी खुंटा तासून घ्या. प्लेट किंचित जरी सरकलेली राहिली तर गिअरबॉक्स इंजिनाला शेवटच्या बोटभर अंतरावर अडतो. अशा वेळी बोल्ट आवळून तो ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलंत तर गिअरबॉक्सचा कान तुटतो. ते ॲल्युमिनियम आहे. हाताने ढकलून बसला तरच बसला. नाही बसला, तर मागे घ्या आणि प्लेट पुन्हा मध्यावर आणा.

## ७. आत बसवणं

उतरवलं त्याच्या उलट. घाई नको. फाउंडेशनचे सगळे बोल्ट आधी हाताने चार-चार आटे लावा, इंजिन आपोआप जागेवर बसू द्या, मग आवळा. एक्सल आत गेल्यावर हलकासा ‘टक’ होतो. झाला नाही तर तो पूर्ण बसलेला नाही.

अर्थच्या पट्टीचं आता सांगतो. ती बॅटरीखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लोंबत राहिली आणि आम्ही बॅटरी जोडली. सेल्फ मारला, इंजिन जडपणे फिरलं, आणि डॅशबोर्डखालून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर उभं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या पट्टीतूनच असतो. पट्टी नसली की सेल्फचा सगळा करंट परतीचा रस्ता शोधत एक्सिलेटरच्या वायरीतून जातो. हात लावला तर केबल चटका बसेल इतकी तापलेली, वरचं आवरण वितळलेलं. भावाने पळत जाऊन टर्मिनल काढलं. पेट्रोलचा पाइप तिथून वीतभर अंतरावर होता. बॅटरी जोडण्याआधी अर्थची पट्टी डोळ्यांनी बघा आणि हाताने ओढून बघा.

प्लगच्या वायरी लावताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तर गाडी फटफट करत कार्बोरेटरमधून फुत्कारते आणि लोक टायमिंग खोलायला बसतात.

## ८. पहिला सेल्फ

ऑइल साधारण ३ लिटरच्या आसपास बसतं, पण डिपस्टिकवरच भरवसा ठेवा. गिअर ऑइल भरायला विसरू नका. ते आपण पहिल्या दिवशी काढलं होतं. रेडिएटरमध्ये कूलंट मिसळलेलं पाणी हळूहळू भरा, वरचा होस दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा निघते.

आता प्लग काढलेलेच ठेवा, कॉइलची वायर सोडा, आणि मध्ये थांबत-थांबत दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. कित्येक महिने पडून राहिलेल्या इंजिनाच्या बेअरिंगमध्ये ऑइल पोचवायचा हाच मार्ग. दिवा विझला की प्लग लावा, कॉइल जोडा, चोक ओढा, चालू करा.

पहिली दहा मिनिटं मॅनिफोल्डवरून धूर निघेल. हाताचं ग्रीस आणि सांडलेलं ऑइल जळत असतं, घाबरू नका. दिवा मात्र पुन्हा लागला तर त्याच क्षणी बंद करा. रेस करू नका. काटा मध्यावर येऊन रेडिएटरचा पंखा आपोआप चालू होऊन बंद होईपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवा आणि टॉर्च घेऊन खाली-वर प्रत्येक सांधा बघा. थंड झाल्यावर पाणी आणि ऑइल पुन्हा तपासा. दोन्ही थोडं खाली गेलेलं असेल.

मग टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग जुळवून घ्या. टायमिंग लाइट नसेल तर एवढ्यापुरतं गॅरेजमध्ये नेणं उत्तम. आवाजावरून टायमिंग जुळवणारे हात असतात, पण ते कित्येक वर्षांनी तयार होतात.

## ९. रस्त्यावर आणि आरटीओत

पहिले पन्नास किलोमीटर घराजवळच फिरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून गळती कुठली ते कळतं. आठवड्याने फाउंडेशन, एक्झॉस्ट आणि होसच्या क्लिपा पुन्हा आवळा. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, व्हॉल्व्हचं सेटिंगही तेव्हाच करून घ्या. काढलेलं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, तिथून ते गोळा करणारे नेतात.

पीयूसी नवं काढा. मग गाडी आणि कागद घेऊन आरटीओत जा. मोटार वाहन निरीक्षक बोनेट उघडून नंबर बघतात, म्हणून ब्लॉकवरचा नंबर स्वच्छ करून, वाचता येईल असा ठेवा. इंजिन जागेवर बसल्यावर तो वाकूनच दिसतो; एक छोटा आरसा आणि टॉर्च सोबत न्या. आमच्या वेळी निरीक्षकांनी पावतीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एक-एक आकडा बोटाने मोजत जुळवला. पावतीवर शेवटचा आकडा १ आहे की ७, यावर पाच मिनिटं गेली. पावती लिहून घेताना आकडे सुटे आणि ठळक लिहायला सांगा.

आरसीवर नवा नंबर चढला की त्याची प्रत इन्शुरन्सवाल्यांना देऊन पॉलिसीवर नोंद करून घ्या. ती राहिली तर पुढे अपघातात किंवा चोरीत क्लेम अडतो.

जुनं इंजिन तोवर विकू नका. आरसी हातात पडेपर्यंत आमचं गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली होतं, कारण निरीक्षकांनी जुनं कुठे आहे असं विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. नंतर विकताना घेणाऱ्याकडून इंजिन नंबर आणि तारखेसह सहीचा कागद घ्या, आणि तो आरसीच्या फायलीत लावून ठेवा.